जिजाईच्या हातातली वहाण

आजारी पोराला हाताला धरून तुकोबांची बायको जिजाई देवळात शिरते आणि पायातली वहाण काढून थेट विठोबावर उगारते. प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम'मधला हा प्रसंग मी कितव्यांदा पाहतो आहे, याचा हिशेब आता उरलेला नाही. दरवेळी अंगावर काटा येतो. प्रभातमध्ये अगदी किरकोळ कामांपासून सुरुवात केलेल्या गौरीने जिजाई केली आहे. तिच्या आवाजात साखर नाही, चालण्यात नटवेपणा नाही. लेकराच्या तापाने जीव कासावीस झालेली बाई घरातल्या कर्त्या माणसाला जाब विचारावा तसा देवाला जाब विचारते. 1936 साली, भाविकांनी भरलेल्या थिएटरात, देवावर वहाण उगारलेली दाखवायची आणि प्रेक्षकांनी ती आपली म्हणून स्वीकारायची, हे घडलं कसं? त्याचं उत्तर सिनेमाच्या इतिहासात अर्धंच सापडतं. उरलेलं कीर्तनाच्या मांडवात आहे.

मूकपट, बोलपट, तसाच संतपट. पट म्हणजे कापड, आणि त्यावर काढलेलं चित्रही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत सांगत आले आहेत. चित्र दाखवायचं आणि कथा गाऊन सांगायची, ही रीत आपल्याकडे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची.

संतांच्या कथा मात्र एका माणसाने गोळा केल्या. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ताहराबादचे महिपती. 'भक्तविजय' त्यांनी 1762 साली पूर्ण केला, 'भक्तलीलामृत' 1774 साली. नाभाजी आणि उद्धवचिद्घन या आधीच्या चरित्रकारांचं ऋण ते मोकळेपणी मान्य करतात. ओवी साधी, ऐकता ऐकता कळणारी. म्हणूनच हे ग्रंथ पोथीच्या फडक्यात बांधून राहिले नाहीत. कीर्तनकारांनी ते उचलले. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. श्रोते आख्यानाचीच वाट बघत बसतात, आणि आख्यान रंगतं ते घरातल्या माणसांमुळे. तुकोबांची भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या जिजाईच्या पायात काटा मोडतो आणि ज्या काळ्या विठोबाच्या नावाने ती बोटं मोडत असते तोच काटा काढायला येतो, ही कथा ऐकताना मांडवातल्या बायका जिजाईच्याच बाजूने असत. ही भांडणारी जिजाई सिनेमाला आयती मिळाली.

कीर्तनाचा हा एक धागा. दुसरा मुंबईच्या गिरगावातला. तिथल्या तंबूत दादासाहेब फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहिला. पुढे 1917 साली 'नवयुग' मासिकात त्यांनी लिहिलं की डोळ्यांपुढून ख्रिस्ताची चित्रं सरकत होती तेव्हा मनापुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते. त्यातून 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' झाला. म्हणजे भारतीय चित्रपटाचं बीजच एका धर्मपुरुषाच्या चरित्रपटातून पडलं. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. फाळके जादूचे प्रयोगही करत, स्वतःचं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने. कीर्तनकार जो चमत्कार शब्दांनी उभा करत होता, तो डोळ्यांना दाखवायची करामत या माणसाच्या हातात होती.

या दोन्ही धाग्यांची गाठ प्रभातमध्ये बसली. कंपनी 1929 साली कोल्हापुरात निघाली आणि 1933 मध्ये पुण्याला आली. पहिला प्रयत्न 1935 चा, संत एकनाथांवरचा. व्ही. शांताराम दिग्दर्शक आणि एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. चित्रपटाचं नाव 'महात्मा' होतं, पण त्यात गांधीजींचा वास आल्याने सेन्सॉर आडवा आला आणि त्याचा 'धर्मात्मा' झाला. बालगंधर्वांना सिनेमा मानवला नाही. रंगभूमीचा तो अलौकिक गळा कॅमेऱ्यापुढे अवघडून गेला.

पुढच्या वर्षी विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी तुकाराम हाती घेतला. दोघेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. हाताने घडवणारी, कमी बोलणारी माणसं. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. तुकोबांसाठी निवडले विष्णुपंत पागनीस. बालगंधर्वांप्रमाणे त्यांनीही नाटकात स्त्रीभूमिका केलेल्या, पण इथे त्या मार्दवाने वेगळंच काम केलं. मिटलेले डोळे आणि सरळ, बिनताना गळा: पागनीस गाऊन दाखवत नाहीत, ते नुसते गातात.

चित्रपटाची सुरुवातच बघा. तुकोबा विठ्ठलापुढे बसून अभंग म्हणतात. मग तोच अभंग गावातला सालोमालो आपल्या नावावर खपवतो आणि मैफिलीच्या थाटात, मुरक्या घेत, नटवून गातो. शब्द तेच, पण त्यातला जीव गेलेला. संतपट कसा गायचा नाही, हे दामले-फत्तेलालांनी पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकलं. माझ्या मते संतपट हा प्रकार खऱ्या अर्थाने इथे जन्मला. चमत्कार आहेतच, शेवटी वैकुंठाचं विमानही येतं. पण ते विमान खरं वाटतं, कारण त्याआधी जिजाईची म्हैस, चूल आणि उपाशी पोरं खरी वाटलेली असतात. आणि विमान उडतं तेव्हा जिजाई मागे राहते.

मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट 57 आठवडे चालला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याच जोडीने 1940 मध्ये शाहू मोडकांना घेऊन 'संत ज्ञानेश्वर' केला आणि पुढच्या वर्षी राजा नेन्यांच्या साथीने, हंसा वाडकरांना घेऊन 'संत सखू'. 'ज्ञानेश्वर'मधली भिंत चालवण्याची कारागिरी अधिक सफाईदार आहे. पण वहाण उगारणारं कुणी पुन्हा भेटलं नाही. नंतरच्या कितीतरी संतपटांनी विमान उचललं आणि म्हैस सोडून दिली, याची मला खंत वाटते.

'संत तुकाराम'साठी शांताराम आठवल्यांनी बीज आणि तरूचं एक पद लिहिलं. ते तुकोबांच्या वळणाशी इतकं मिळून गेलं की अनेकांनी ते तुकोबांचंच मानलं. आजही ते अभंग म्हणून गायलेलं ऐकू येतं. पडद्यावरचा सालोमालो तुकोबांचे शब्द आपल्या नावावर घेत होता. आठवल्यांचे शब्द तुकोबांच्या नावावर गेले.