मोरचुदापासून वामनवृक्षापर्यंत : बुरशीनाशकांच्या उपयोगाचा एक ऐतिहासिक विचार

ठाणे येथील वागळे इस्टेटमध्ये १ ऑगस्ट १९६२ रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या एका लहानशा समारंभात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. कारखाने व दाट वस्ती यांच्यामुळे मोकळी जमीन दुर्मिळ झालेल्या अशा परिसरांत झाडास बहुधा कुंडीचाच आश्रय मिळतो. बोन्साय अथवा वामनवृक्ष हे कुंडीतील वृक्षाचे सर्वांत संस्कारित रूप होय. ठाण्यात वर्षास सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सर्व चार महिन्यांत. उथळ कुंडीतील वड-उंबरांना या काळात मूळकूज व पानांवरील ठिपके यांचे भय असते. त्यांवर योजली जाणारी औषधे मात्र वामनवृक्षांसाठी जन्मलेली नाहीत. ती द्राक्षमळ्यांतून, सुपारीच्या बागांतून आणि धान्याच्या शेतांतून आली आहेत. औषधांबरोबर त्यांच्या वापरामागील विचारही कुंडीपर्यंत पोहोचला काय, हा येथे पाहावयाचा प्रश्न आहे.

तांब्याच्या क्षारांनी गव्हावरील काणीचे बीजाणू रुजत नाहीत, हे फ्रान्समध्ये प्रेव्हो याने १८०७ सालीच दाखविले होते. तथापि त्या शोधास व्यापक रूप येण्यास पाऊणशे वर्षे लागली. अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने फ्रान्समधील द्राक्षवेलींना ग्रासले असता, वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या ज्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडला होता त्यांची पाने टिकून राहिली, हे मिलार्दे याच्या लक्षात आले. त्यावरून १८८५ साली बोर्डो मिश्रण प्रसिद्धीस आले. या मिश्रणाचे कार्य पानावर तांब्याचा पातळ थर राखण्याचे आहे. बीजाणू रुजण्यापूर्वी तो थर तेथे असला तरच उपयोग. बुरशी पानाच्या आत शिरल्यावर त्याचा इलाज चालत नाही.

भारतातील अनुभव यास पुष्टी देतो. मैसूर संस्थानात सुपारीवरील कोळेरोगाचा अभ्यास लेस्ली कोलमन यांनी केला व १९१० साली तो प्रसिद्ध केला. पावसापासून रक्षण व्हावे म्हणून घोसांवर आच्छादन बांधण्याची तेथे जुनी चाल होती. तिच्या जागी पावसाळ्याच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारण्याची पद्धती रूढ झाली. मुंबई इलाख्यात ज्वारीच्या दाणे काणीचे बीजाणू बियाण्याच्या पृष्ठभागावर असतात, हे ध्यानी घेऊन पेरणीपूर्वी बी मोरचुदाच्या पाण्यात भिजविण्याचा, आणि पुढे त्यास गंधकाची भुकटी चोळण्याचा उपाय प्रचारात आला. दोन्ही ठिकाणी यश औषधाच्या उग्रतेचे नसून वेळेच्या ज्ञानाचे होते.

वनस्पतीच्या अंगी भिनणाऱ्या औषधांनी या विचारास निराळे वळण दिले. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली ऑरिओफंजिन या बुरशीविरोधी प्रतिजैविकाची माहिती प्रसिद्ध केली. वनस्पती ते शोषून घेऊ शकते, हे त्याचे वैशिष्ट्य. १९६८ च्या सुमारास बेनोमिल व त्यानंतर कार्बेन्डाझिम आले. आता रोग जडल्यावरही काही अंशी चिकित्सा शक्य झाली. परंतु तांबे बुरशीच्या अनेक जीवनक्रियांवर आघात करते, तर ही औषधे पेशीविभाजनातील एकाच प्रथिनास धरतात. त्या प्रथिनात एक लहानसा पालट झाला की बुरशी औषधास दाद देत नाही. आणि तसे अल्पावधीतच घडले.

वामनवृक्षाच्या बाबतीत हा इतिहास विशेष उद्बोधक ठरतो. साचलेल्या पाण्यात मुळे कुजविणारे पिथियम व फायटॉप्थोरा हे जीव आज खऱ्या बुरशींच्या वर्गात धरले जात नाहीत, आणि कार्बेन्डाझिमचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. म्हणजे निदान न करता दिलेले औषध येथे निष्फळ ठरते, आणि दरम्यान वृक्ष हातचा जातो. कधी कधी असा वृक्ष एका पिढीने दुसरीस सोपविलेला असतो; त्याची भरपाई पुढील हंगामात होत नाही. शिवाय कुंडीतील माती मूठभर. वारंवार दिलेल्या तांब्याचा संचय तेथे मुळांनाच बाधक होऊ शकतो. यास्तव पाण्याचा निचरा, खेळती हवा, रोगट पानांची वेळीच काढणी आणि पावसाळ्यापूर्वीची माफक फवारणी हाच क्रम युक्त होय.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याने बुरशीनाशकांनाही आपल्या व्याख्येत घेऊन त्यांच्या निर्मितीवर व विक्रीवर नियंत्रण आणले. तथापि कोणत्या जिवाविरुद्ध, कोणत्या वेळी आणि किती औषध द्यावे, हा विवेक कायदा पुरवू शकत नाही. सुपारीच्या बागेने व ज्वारीच्या शेताने तो दीर्घ अनुभवातून मिळविला. त्यावाचून औषध केवळ विष उरते, आणि हे शेतापेक्षा कुंडीत अधिक लवकर प्रत्ययास येते.