गुराबेचा बांधा आणि खवळलेला दर्या

मराठ्यांचे आरमार किनारा सोडून फार दूर का गेले नाही, या प्रश्नाचे उत्तर आपले इतिहासकार बहुधा राजनीतीत शोधतात. जुने इंग्रज लेखक ते चाचेगिरीच्या वृत्तीत शोधीत. खुद्द जहाजांच्या बांध्याची साक्ष मात्र क्वचितच काढली जाते. नाशिकसारख्या घाटावरच्या गावी बसून ती काढणे धाडसाचे खरे. परंतु कागदपत्रे येथेही वाचता येतात.

रॉबर्ट ऑर्म याने १७६३ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासग्रंथात आंग्र्यांच्या गुराबांचे वर्णन आहे. ते शत्रुपक्षाचे असले तरी सुताराच्या नजरेने केलेले वाटते. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे टनांची. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, पाण्यात बुडणारा भाग फार थोडा. मध्यापासून ती निमुळती होत जाई आणि तिची नाळ भूमध्य समुद्रातील गॅलीप्रमाणे पुढे झेपावलेली असे. या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या असत. तथापि समोरून लाटा येऊ लागल्या की गुराब जोराने वरखाली आपटे, हेही ऑर्म नमूद करतो.

याचे कारण उघड आहे. भरदार नाळ लाटेत शिरताच पाणी तिला उचलून धरते. निमुळत्या नाळेला उचलून धरण्याजोगे आकारमानच नसते. ती लाटेत खोल जाते आणि मग झटक्याने वर येते. बांधणाऱ्यांना हे ठाऊक असलेच पाहिजे, कारण नाळेवरील तक्तपोशीला त्यांनी कठडे ठेवले नाहीत. वर आलेले पाणी विनाअडथळा वाहून जावे आणि मागील आडव्या भिंतीने ते आत शिरू देऊ नये, अशी ती योजना होती. ग्रीनलंडच्या कयाक या चामड्याने मढविलेल्या अरुंद होडीतही हेच तत्त्व दिसते: पाणी वर येणारच, ते आत येऊ नये. कयाक मात्र एका माणसाची; गुराबेला तोफा वाहावयाच्या होत्या.

उथळ तळाचा दुसरा परिणाम असा, की आडव्या वाऱ्यात जहाज बाजूस वाहवत जाते. पण तोच उथळपणा खाडीच्या तोंडाशी गुण ठरे. १६७९ साली खांदेरीच्या वेढ्यात हे दिसून आले. त्या वर्षीच्या १८ ऑक्टोबरच्या लढाईत दौलतखानाच्या गलबतांनी इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब पकडली. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजापुढे मात्र ती टिकली नाहीत व उथळ पाण्यात परतली. तरीही रात्रीच्या वेळी वल्हवीत बेटावर रसद नेणाऱ्या लहान होड्या इंग्रजांना रोखता आल्या नाहीत. मोठ्या गलबतास, ऑर्मच्या म्हणण्याप्रमाणे, चाळीस-पन्नास वल्ही असत आणि ते तासाला चार मैल जाई. वारा पडला की हीच गलबते गुराबांना ओढून नेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फार थोर नव्हे व फार लहानही नव्हे अशा मध्यम गुराबा सजविण्यास सांगितले आहे. वाऱ्यावाचून निरुपयोगी अशी थोर जहाजे त्यात नाकारली आहेत. ही भित्र्याची नव्हे, आपल्या किनाऱ्याचे पाणी जोखलेल्याची निवड होय.

कोकणातील होडीला तोल राखण्यासाठी बाजूस जे लाकूड जोडतात त्याला ‘उलांडी’ म्हणतात, आणि ‘उलंडणे’ म्हणजे कलंडणे. जे होऊ नये त्याचेच नाव उपायाला मिळावे, हे मौजेचे आहे. व्युत्पत्तीचा दावा मात्र मी करीत नाही. ‘गुराब’ हा शब्द अरबी ‘घुराब’ म्हणजे कावळा यावरून आला, हे अधिक भरवशाचे.

या निवडीची किंमतही होती. उंच कड्यांच्या जहाजांशी खुल्या दर्यात झुंजता येत नसल्याने संकटात किल्ल्याचा आडोसा हाच आसरा राही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनच्या आरमाराने विजयदुर्गावर मारा केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजे किल्ल्यालगत एकमेकांस बांधलेली होती. एकास आग लागली आणि ती सारी तेथेच जळाली.