मोटारीवरील घासल्याच्या खुणा

भिंत, खांब, फाटक किंवा दुसरे वाहन यांना मोटार ओझरती घासली असता तिच्या रंगावर जे पट्टे उमटतात, त्यांना घासल्याच्या खुणा म्हणतात. यांत समोरच्या वस्तूचा रंग मोटारीवर चिकटतो किंवा मोटारीचा स्वतःचा रंग खरवडला जातो; पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकत्र घडतात. चिकटलेला रंग काढता येतो. खरवडलेला रंग मात्र घासून परत येत नाही.

रंगाचे थर

कारखान्यात पोलादी पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि शेवटी 'क्लिअर कोट' हा पारदर्शक थर दिला जातो. या सर्वांची एकत्रित जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. त्यांपैकी पारदर्शक थर सुमारे ४० मायक्रोमीटरचा असतो. चकाकी त्यानेच येते व अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही तोच करतो. प्रत्येक घासणीत तो थोडा झिजतो.

परीक्षण

जागा धुऊन ओली केल्यावर ओरखडा दिसेनासा झाला, तर तो बहुधा पारदर्शक थरापुरताच असतो. नख अडकत असल्यास तो खोल समजावा.

काढण्याची पद्धत

काम सावलीत, पत्रा थंड असताना करावे. प्रथम शाम्पूच्या पाण्याने धूळ पूर्ण काढावी. अन्यथा तीच फडक्याखाली घासली जाऊन नवे ओरखडे पडतात. नंतर पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल मायक्रोफायबर फडक्यावर घेऊन हलक्या हाताने पुसावे. डाग राहिल्यास बारीक पॉलिश आणि तेही अपुरे पडल्यास रबिंग कंपाउंड वापरावे. सौम्य उपायाने काम भागत असता तीव्र उपाय करू नये. शेवटी मेण लावावे.

दक्षता

थिनर व ॲसिटोन यांनी मूळ रंगही मऊ पडू शकतो. गॅरेजमध्ये पुन्हा रंगविलेल्या भागावर हा धोका अधिक असतो. भांडी घासण्याची घासणी वापरू नये. फडक्यावर मोटारीचाच रंग उतरू लागल्यास थांबावे. क्लिअर कोट असलेल्या मोटारीत तो थर संपल्याचे हे लक्षण होय. पत्रा उघडा पडल्यास पावसाळ्यात, तसेच कोकणासारख्या खाऱ्या हवेच्या प्रदेशात तो लवकर गंजतो. म्हणून तेथे प्रायमर व मोटारीच्या रंग-क्रमांकाशी जुळणारा रंग लावणे आवश्यक ठरते. प्लॅस्टिकचे बंपर गंजत नाहीत.