घरगुती फ्रीझर : निगा आणि काटकसरीचा वापर

घरगुती फ्रीझर : अन्न गोठवून काही महिने टिकवण्याचे घरातले उपकरण. फ्रिजचा वरचा कप्पा, उभा स्वतंत्र फ्रीझर आणि वर झाकण असलेला आडवा डीप फ्रीझर ही त्याची नेहमीची रूपे. उणे १८° से. हे त्याचे जगभर रूढ झालेले तापमान. या थंडीत सगळे जंतू मरत नाहीत, मात्र त्यांची वाढ थांबते. फ्रीझरची निगा राखायची ती मुख्यतः हे तापमान स्थिर राहावे म्हणून, आणि विजेची बचतही बरीचशी त्यातूनच होते.

कार्य : फ्रीझर म्हणजे आतली उष्णता उचलून खोलीत टाकणारे यंत्र. कॉम्प्रेसरने दाबलेला गॅस मागच्या किंवा बाजूच्या कॉइलमध्ये उष्णता सोडून द्रवरूप होतो. बारीक नळीतून जाताना त्याचा दाब उतरतो आणि आतल्या कॉइलमध्ये उकळताना तो अन्नाची उष्णता शोषून घेतो. ३०° चे १ किलो पाणी उणे १८° पर्यंत न्यायला सुमारे ५०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्यातली ३३४ किलोज्यूल फक्त पाण्याचा बर्फ होण्यात जाते, आणि तेवढा वेळ तापमान शून्यावरच अडून राहते. कोमट आमटीचा डबा आत सरकवला की हे ओझे आणखी वाढते, शिवाय शेजारच्या गोठलेल्या पाकिटांनाही ऊब लागते. म्हणून शिजवलेले अन्न आधी पसरट भांड्यात निववावे, फ्रिजमध्ये गार करावे आणि मगच फ्रीझरमध्ये ठेवावे.

जुन्या यंत्रांत आर-१२ हा गॅस असे. ओझोन थराला त्याची बाधा होते हे कळल्यावर १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो मागे पडला. आता बहुतेक घरगुती यंत्रांत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो अगदी थोडा लागतो, पण ज्वालाग्राही आहे. त्यामुळे नळ्यांची जोडणी जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. ही यंत्रणा पूर्ण बंदिस्त असते आणि गॅस वापराने संपत नाही. ‘गॅस संपलाय’ याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरून घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

चांदण्या आणि तारे : कप्प्याच्या दारावरच्या चांदण्या तापमान सांगतात : एक म्हणजे उणे ६°, दोन म्हणजे उणे १२°, तीन म्हणजे उणे १८°. चौथी चांदणी असेल तर ताजे अन्न गोठवण्याची ताकदही त्या कप्प्यात आहे असे समजावे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवरचे तारे वेगळे. ते विजेच्या वापराचे असतात आणि वर्षाला किती युनिट लागतील तेही तिथे छापलेले असते. या दोन खुणांची गल्लत फार होते. पाच तारे असलेल्या एकदारी फ्रिजचा वरचा कप्पा उणे १८° गाठेलच असे नाही. त्यात आइस्क्रीम मऊ राहत असेल तर मासे महिनोन्‌महिने ठेवण्याचा विचार सोडून द्यावा. बटणावरचे १ ते ७ आकडे अंश दाखवत नाहीत. खरे तापमान पाहायचे तर साधा फ्रीझर-थर्मामीटर पाकिटांच्या मधोमध रात्रभर ठेवावा. उणे १८° मिळत असेल तर बटण आणखी पुढे नेऊ नये, कारण त्याखालच्या प्रत्येक अंशाला जास्तीची वीज लागते.

बर्फ काढणे : डायरेक्ट कूल प्रकारात दार उघडताना शिरणाऱ्या दमट हवेतले बाष्प भिंतींवर गोठते. पावसाळ्यात हा थर झपाट्याने वाढतो. बर्फाचा थर उष्णता अडवतो, म्हणून तेवढ्याच थंडीसाठी कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. थर अर्धा सेंटिमीटर झाला की तो काढावा. प्लग काढून, अन्न वर्तमानपत्रात आणि वर गोधडीत गुंडाळून बाजूला ठेवावे. आत गरम पाण्याचे पातेले ठेवावे आणि सुटलेला बर्फ लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या उलथण्याने उचलावा. सुरी, स्क्रूड्रायव्हर यांना हातही लावू नये. या फ्रीझरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातूनच गॅसचे मार्ग गेलेले असतात आणि एक भोक पडले की सगळा गॅस निघून जातो. अशा एका टोचणीने कितीतरी चांगली यंत्रे भंगारात गेली आहेत. शेवटी सोड्याच्या पाण्याने आतून पुसून, कोरडे करून यंत्र सुरू करावे आणि ते पुरते गार झाल्यावर अन्न परत ठेवावे.

फ्रॉस्ट फ्री यंत्रात छोटा हीटर ठरावीक वेळाने हा बर्फ आपोआप वितळवतो. त्यामुळे तिथे भिंतीवर बर्फ दिसणे हा बिघाडाचा इशारा : दार नीट लागत नाही, हीटर बंद पडला आहे किंवा निचऱ्याची नळी तुंबली आहे. तळाशी बर्फाची लादी धरली असेल तर बहुधा नळीच तुंबलेली असते. वितळलेले पाणी कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जमते. तो ट्रे आठवड्याला रिकामा करून घासावा, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात पालिकेचे आरोग्य कर्मचारी फ्रिजच्या मागे डोकावतात ते याचसाठी.

दाराचे रबर : दारात एक नोट धरून दार लावावे आणि नोट ओढावी. अलगद निघाली तर तिथून हवा शिरते आहे. चारही बाजूंनी असे पाहावे. पुष्कळदा रबर फाटलेले नसते. घडीत साचलेला चिकट मळ साबणाच्या कोमट पाण्याने पुसला की ते पुन्हा घट्ट बसते. या रबरात चुंबकाची पट्टी असते. पूर्वीच्या दारांना बाहेरून लागणारी खिट्टी असे आणि टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपलेली मुले आत गुदमरून दगावत. अमेरिकेने १९५६ मध्ये कायदा करून आतून उघडणारे दार सक्तीचे केले, त्यानंतर चुंबकी दारे रुळली.

जागा : गॅसच्या शेगडीजवळ किंवा गॅलरीतल्या उन्हात फ्रीझर ठेवू नये. मागे वीतभर मोकळी जागा असावी. उघडी कॉइल असेल तर सहा महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडावी, कारण धुळीने माखलेली कॉइल उष्णता टाकू शकत नाही. किनारपट्टीवरच्या खाऱ्या हवेत हीच कॉइल गंजते, तेव्हा गंजाचे डागही पाहून घ्यावेत. यंत्राच्या पाटीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘टी’ वर्ग ४३° पर्यंतच्या हवेसाठी असतो. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५° च्या पुढे जातो, तेव्हा यंत्र तिथल्या घरातल्या सर्वांत थंड खोलीत असणेच बरे.

भरणे : अन्न जितके लवकर गोठेल तितके बर्फाचे स्फटिक बारीक होतात आणि पेशी कमी फाटतात. १९१० च्या दशकात लॅब्राडॉरमध्ये क्लॅरेन्स बर्ड्‌झाय याने इन्युइटांनी कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठवलेले मासे वितळल्यावरही ताज्यासारखे लागतात हे पाहिले. त्यातूनच पुढे जलद गोठवण्याचा उद्योग उभा राहिला. घरी त्यासाठी एवढेच करावे : आमरस, खोवलेला नारळ, खिमा चपट्या पिशव्यांत, हवा काढून भरावा. जाडी दुप्पट झाली तर गोठायला दुपटीहून जास्त वेळ लागतो. हिवाळ्यात स्वस्त झालेला मटार दीड-दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावा. नाहीतर त्यातली विकरे थंडीतही काम करत राहतात आणि दाण्यांचा रंग व गोडवा उतरतो.

पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तेवढ्यासाठी सुरमई-पापलेट साठवणाऱ्या घरांनी तुकडे गोठल्यावर क्षणभर बर्फाच्या पाण्यात बुडवून पुन्हा गोठवावेत. त्यांच्यावर बर्फाचे पातळ कवच चढते आणि पृष्ठभाग सुकून पांढरट, चिवट होत नाही. बांगडा, तारली तेलकट असल्याने दोन-तीन महिन्यांत संपवावेत. प्रत्येक पिशवीवर तारीख लिहावी. हव्या त्या पिशवीसाठी दार उघडे ठेवून शोधाशोध होते, ती त्यामुळे टळते. मोकळ्या जागेत पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ठेवाव्यात, पण गळ्यापर्यंत भरू नयेत, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते.

वीज गेल्यावर : दार न उघडल्यास भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो. गावी जाताना वाटीभर पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे तळाशी असेल तर मधे सगळे वितळले होते, म्हणून मासे-मटण टाकून द्यावे. अन्नात अजून बर्फाचे कण असतील तर ते पुन्हा गोठवता येते, चव थोडी उतरते इतकेच. विजेचा दाब वर-खाली होणाऱ्या भागात वीज आल्यावर तीन मिनिटांनी यंत्र सुरू करणारा स्टॅबिलायझर लावावा. दाब समान होण्याआधी सुरू झालेला कॉम्प्रेसर अडतो आणि तापतो.

जुना फ्रीझर टाकताना तो अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. तोवर घराबाहेर ठेवायचा असेल तर दार किंवा झाकण आधी काढून टाकावे. आडव्या डीप फ्रीझरला आजही बाहेरून कुलूप लागते, म्हणून त्याच्या बाबतीत हे कधीही चुकवू नये.