अर्धवट वापरलेल्या सायन्स आणि क्राफ्ट किटचं काय करायचं?

वाढदिवसाला आलेलं सायन्स किट उत्साहाने उघडलं जातं, दोन-तीन प्रयोग होतात आणि खोका माळ्यावर जातो. दिवाळीच्या साफसफाईत तो खाली येतो, तेव्हा माहितीपत्रक हरवलेलं असतं आणि पुड्यांवरची नावं पुसलेली असतात. मग खोका आहे तसा कचऱ्यात जातो, नाहीतर आहे तसा कुणाच्या तरी लहान मुलांना दिला जातो. देऊन टाकणं चांगलं वाटतं, पण खरा धोका तिथेच आहे. दहा वर्षांच्या मुलासाठी बनवलेलं सामान चार वर्षांच्या मुलाच्या हातात पडतं, तेही सूचनांशिवाय.

म्हणून खोका ठेवायचा असो वा द्यायचा, आधी तो जमिनीवर पूर्ण रिकामा करावा.

आधी बटण सेल आणि चुंबक शोधा

दिवे लागणाऱ्या किंवा आवाज करणाऱ्या किटमध्ये नाण्यासारखे चपटे बटण सेल असतात. मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या 2 तासांत तिथे गंभीर जखम होऊ शकते. खेळणं चालत नाही म्हणजे सेल 'संपला' असं समजू नये. इजा करण्याइतका विद्युतभार त्यात उरलेला असतो. सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता थेट रुग्णालय गाठावं. एक्स-रेमध्ये सेल नाण्यासारखा दिसू शकतो, त्यामुळे तो सेल असू शकतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

छोटे पण जोरदार चुंबकही तितकेच घातक. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिमटली जाऊन तिला भोक पडू शकतं. पाण्यात फुगणारे रंगीत मणीही लहान मुलांच्या घरात नकोतच, कारण ते पोटात गेल्यावर फुगतात.

वापरलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ते वेगळ्या डबीत ठेवावेत. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नसते. ई-कचरा संकलनात त्या देता येतात.

पुड्यांमधली रसायनं

स्फटिक बनवण्याच्या काही किटमध्ये मोरचूद असतं. निळंशार, देखणं, पण विषारी. ते बेसिनमध्ये ओतू नये, कारण माशांना आणि पाण्यातल्या इतर जिवांना ते घातक ठरतं. मोरचूद आणि नाव नसलेली कोणतीही पूड एकमेकांत न मिसळता मूळ पुडीतच बंद करून घातक घरगुती कचरा म्हणून वेगळी द्यावी. उरलेलं द्रावण शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच ठेवू नये.

प्लास्टर ऑफ पॅरिस हवेतला ओलावा शोषतं. पाकिटात गुठळ्या झाल्या असतील तर ते नीट घट्ट होणार नाही, टाकलेलं बरं. चांगलं असेल तर वापरावं, मात्र घट्ट होताना ते तापतं, म्हणून हाताचा ठसा घेण्यासाठी त्यात हात बुडवून ठेवू नये. भांडं बेसिनमध्ये धुतलं तर पाइप तुंबलाच म्हणून समजा.

संपलेल्या वस्तूंना वाण्याच्या दुकानात पर्याय

एक-दोन वस्तू संपल्या म्हणून किट निकामी होत नाही. स्फटिकांसाठी तुरटी मिळते, 'ज्वालामुखी'साठी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर पुरतं. लिटमस कागद संपला असेल तर हळदीचा कागद करता येतो. साबणाच्या पाण्याने तो लाल होतो. जास्वंदीचा अर्क आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा होतो. एका अर्थी हे विकतच्या किटपेक्षा सरस आहे.

तारा, मोठा चुंबक आणि साधा पेन्सिल सेल उरले असतील तर अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केलेली छोटी मोटर करून पाहावी. पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याचं मोठं काम केलं. सेलच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना रबराने घट्ट बसवायच्या, वर चुंबक ठेवायचा आणि लेप असलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं पिनांच्या भोकांत अडकवायचं. तारेचं एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त अर्ध्या बाजूने. नेमकं हेच चुकतं आणि मोटर फिरत नाही. फिरली नाही तर वेटोळं लगेच काढावं, तार तापते.

क्राफ्टचं सामान आणि देताना

क्राफ्ट किटचा प्रश्न सोपा आहे. पाण्यावर आधारित क्ले थोडी कडक झाली असेल तर पाण्याचे काही थेंब घालून मळता येते. मणी, टिकल्या, लोकर वेगवेगळ्या डब्यांत गेली की खोक्याची गरजच उरत नाही.

किट कुणाला द्यायचं असेल तर त्यावर वयोगट, काय संपलं आहे आणि काय काढून टाकलं आहे हे मराठीत लिहून चिकटवावं. खेळण्यांसाठी आयएसआय चिन्ह 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचं झालं, त्याआधीच्या खोक्यावर ते नसू शकतं. असं जुनं रसायनांचं किट पुढे देऊ नये. अंगणवाडीत द्यायचं तर फक्त कागद, खडू आणि मोठे तुकडे; मणी तिथेही नकोत.