इंजिनातील हवेचे शीतन आणि मर्लिनची शक्तिवृद्धी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धातील हवाई संघर्षाचा इतिहास बहुतांशी वैमानिकांचे शौर्य आणि सेनानींचे डावपेच यांच्या आधारे लिहिला गेला आहे. १९४१ च्या उत्तरार्धात जर्मनीच्या फोके-वुल्फ १९० विमानापुढे ब्रिटनचे स्पिटफायर मार्क ५ निष्प्रभ ठरू लागले. ही पिछाडी भरून निघण्यामागे इंजिनात जाणारी हवा थंड करण्याच्या तंत्राचा मोठा वाटा होता, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तात्त्विक पार्श्वभूमी

इंजिनाची शक्ती सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेच्या आकारमानावर नव्हे, तर वस्तुमानावर अवलंबून असते. ३०,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ३० टक्केच असतो. ही उणीव सुपरचार्जर भरून काढतो. परंतु दाबलेली हवा तापते, प्रसरण पावते व इंधनाच्या अकाली स्फोटास कारण होते. दाब कायम ठेवून १५० अंश सेल्सिअसची हवा ७० अंशांपर्यंत आणल्यास तिची घनता सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. शीतनाचे महत्त्व यावरून ध्यानात येते.

मर्लिनची वाटचाल

रोल्स-रॉइस कंपनीने मर्लिन इंजिनात कार्ब्युरेटर कायम ठेवला. सुपरचार्जरपूर्वी मिसळलेल्या इंधनाच्या बाष्पीभवनाने मिश्रणाचे तापमान सुमारे २५ अंशांनी उतरत असे. या लाभाची किंमतही होती. विमान एकाएकी खाली झुकविल्यास इंजिन क्षणभर बंद पडे. थेट इंधन-फवारणी असलेल्या जर्मन इंजिनांत हा दोष नव्हता. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग यांनी साध्या चकतीवजा अवरोधकाने त्यावर तात्पुरता उपाय केला.

१९३८ मध्ये कंपनीत आलेले गणितज्ञ स्टॅन्ले हूकर यांच्या सुपरचार्जरविषयक कार्यातून पुढे द्विस्तरीय सुपरचार्जर साकारला. दोनदा दाबलेल्या हवेची उष्णता द्रवाद्वारे काढून घेणारा इंटरकूलर त्यास जोडला गेला. मुळात वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानासाठी योजलेले हे इंजिन स्पिटफायरमध्ये बसविण्याचा विचार अर्नेस्ट हाइव्ह्ज यांनी पुढे आणला. जुलै १९४२ मध्ये मार्क ९ सेवेत दाखल झाले. इंजिनाची क्षमता पूर्वीइतकीच, २७ लिटर, राहिली. तरीही ३०,००० फुटांवर मर्लिन ४५ च्या तुलनेत सुमारे ३०० अश्वशक्तीची वाढ झाली.

तुलना

अमेरिकेच्या पी-३८ विमानात प्रारंभी पंखांच्या अग्रकडेतील पोकळीच इंटरकूलरचे काम करी. इंजिनाची शक्ती वाढत गेली तशी ही व्यवस्था अपुरी पडली. १९४३ मधील जे आवृत्तीत इंटरकूलर इंजिनाखाली हलवावा लागला. याउलट, पॅकार्ड कंपनीने बनविलेल्या द्विस्तरीय मर्लिनमुळे मस्टँग विमानाला अतिउंचीवर लढण्याचे सामर्थ्य लाभले व १९४४ मध्ये ते बर्लिनपर्यंत बॉम्बफेकी विमानांचे रक्षण करू शकले.

समारोप

इंजिन मोठे करणे हाच शक्तिवृद्धीचा एकमेव मार्ग नाही, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. मात्र शीतन विनामूल्य नसते. इंटरकूलर व त्याचा रेडिएटर यांचे वजन आणि हवेचा वाढीव विरोध विमानालाच सोसावा लागतो. लाभ आणि भार यांचा हा मेळ ज्यांना साधला, त्यांना आकाशात वरचढ ठरता आले. म्हणूनच युद्धेतिहासाच्या अभ्यासकाने रणनीतीबरोबरच उष्मागतिकीचीही दखल घेणे अगत्याचे आहे.