प्रोसिजर (लोगो)

लोगो या प्रोग्रॅमिंग भाषेत आज्ञांच्या समूहाला नाव देऊन तयार केलेल्या घटकास प्रोसिजर असे म्हणतात. इतर भाषांमधील फंक्शनचे कार्य लोगोमध्ये प्रोसिजर करते. ही भाषा वॉली फोरझाइग, सेमूर पॅपर्ट व सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ साली अमेरिकेत मुलांच्या शिक्षणासाठी विकसित केली.

व्याख्या

प्रोसिजरची व्याख्या 'टू' या शब्दाने सुरू होते आणि 'एंड' ने संपते. 'टू' हे इंग्रजीत क्रियापदापूर्वी येते; त्यामुळे व्याख्या करणे म्हणजे संगणकाला नवे क्रियापद शिकवणे होय. शब्दापूर्वीचे अपूर्णविराम चिन्ह चलाचे मूल्य दर्शवते.

टू चौरस :बाजू
रिपीट ४ [फॉरवर्ड :बाजू राइट ९०]
एंड

यानंतर 'चौरस ५०' असे लिहिल्यास पडद्यावरील कासव ५० एकक बाजूचा चौरस काढते. व्याख्या केलेली नसल्यास हा शब्द आपल्याला येत नाही, असा संदेश संगणक देतो. समभुज त्रिकोणासाठी वळण ६० नव्हे, तर १२० अंशांचे द्यावे लागते. कारण कासव आकृतीच्या बाह्यकोनातून वळते व पूर्ण फेरीत एकूण ३६० अंश फिरते.

मूल्य परत करणे

काही प्रोसिजर कृती करतात, तर काही 'आउटपुट' आज्ञेद्वारे मूल्य परत करतात.

टू वर्ग :अंक
आउटपुट :अंक * :अंक
एंड

'प्रिंट वर्ग ५' याचे उत्तर २५ येते. केवळ 'वर्ग ५' लिहिल्यास २५ या मूल्याचे काय करायचे ते सांगितले नाही, अशी त्रुटी दाखवली जाते. उत्तर मिळवणे आणि ते छापणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, हे यातून स्पष्ट होते.

स्वतःला बोलावणे

प्रोसिजर स्वतःलाही बोलावू शकते. यास रिकर्शन म्हणतात.

टू सर्पिल :बाजू
इफ :बाजू > २०० [स्टॉप]
फॉरवर्ड :बाजू राइट ९०
सर्पिल :बाजू + ५
एंड

येथे प्रत्येक वेळी बाजू ५ एककांनी वाढते आणि २०० च्या पुढे गेल्यावर रेखाटन थांबते. 'इफ' ची ओळ वगळल्यास प्रोसिजर आपणहून थांबत नाही.

प्रभाव

पॅपर्ट यांनी १९८० मध्ये प्रकाशित झालेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात या शिक्षणपद्धतीचे विवेचन केले. पायथनमधील 'टर्टल' मॉड्यूल लोगोच्या कासवावर आधारित आहे. स्क्रॅचमध्ये वापरकर्त्याला स्वतःचे ब्लॉक तयार करण्याची सोय २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून उपलब्ध झाली.